रक्तदाबाचा तिमाही पास

बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या माणसाने रोज सकाळी खिडकीवर उभं राहून त्या दिवसापुरतं तिकीट काढावं, असं रेल्वेला कधी वाटलं नाही. ज्याला रोज जायचंच आहे त्याला रोज ‘कुठे जायचंय?’ म्हणून विचारत बसण्यात अर्थ नाही, हे तिने फार पूर्वी ओळखलं आणि पास काढला. मासिक, तिमाही, सहामाही, वार्षिक. गर्दी, खोळंबा आणि मेगाब्लॉक यांवरून आपण रेल्वेला इतकी नावं ठेवतो की तिच्या या शहाणपणाकडे लक्षच जात नाही. आता हाच बोरिवलीकर पन्नाशीला येतो आणि त्याला रक्तदाब निघतो. हाही रोजचाच प्रवास, शिवाय परतीची गाडी नसलेला. सकाळी चहाआधी एक गोळी, आज, उद्या आणि शेवटपर्यंत. पण या प्रवासाचं कंत्राट रेल्वेकडे नसून सार्वजनिक रुग्णालयाच्या औषध खिडकीकडे असतं, आणि तिथे पाहावं तर बहुधा सिंगल तिकीट. साठा बरा असेल तर महिन्याचं, जेमतेम असेल तर पंधरा दिवसांचं, आणि वरून ‘जपून वापरा’ असा निरोप आला असेल तर एक पट्टी, म्हणजे दहा दिवसांचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एक महिना’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असलं, तरी खिडकी ते वाचते आणि आपल्या मनाप्रमाणे भागाकार करते.

या खिडकीपुढच्या रांगेचा राग काढायला एक माणूस आयताच समोर असतो, जाळीपलीकडचा औषधनिर्माता. तो सावकाश काम करतो, मध्येच आत जातो, ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो, सुट्या गोळ्या मोजताना आकडा विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतो. रांगेतली सगळी वाफ त्याच्यावर निघते. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातला हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये दवाखान्यांतला औषधवापर तपासण्यासाठी काही निर्देशांक ठरवून दिले. त्यात ‘औषध देण्याचा सरासरी वेळ’ हा एक आहे आणि तो सेकंदांत मोजतात. रांगेतल्या वाचकांना खरं वाटणार नाही, पण या वेळेबद्दल जाणकारांची तक्रार अशी असते की तो फार थोडा असतो. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, चक्कर आली तर काय करायचं, हे सांगायला तेवढे सेकंद पुरत नाहीत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला नीट समजावून सांगणं हे औषधनिर्मात्याचं काम म्हणून लिहून ठेवलं आहे. मागे दीडशे माणसं उभी असताना ते करायला बसला तर रांगच त्याला समजावून सांगेल. थोडक्यात, औषध देण्याचं काम गरजेपेक्षा घाईचं आणि औषध मिळण्याचं काम मरणाचं संथ, अशी दोन आश्चर्यं एकाच जाळीच्या दोन बाजूंना नांदतात. तेव्हा घोडं पेंड खातं आहे ते त्याच्या बोटांत खात नाही.

ते कुठे खातं, याचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये फोन लागण्याच्या प्रतीक्षेवर निबंध लिहिला आणि त्यातून रांगेचं शास्त्र उभं राहिलं. त्या शास्त्रातलं सगळ्यात सोपं गणित असं आहे: एकच खिडकी, माणसं वाटेल तेव्हा येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. खिडकीवरचा माणूस वेळेच्या ८० टक्के कामात असेल तर येणाऱ्याला सरासरी चार जणांचं काम होईल इतका वेळ थांबावं लागतं. तो ९० टक्के कामात असेल तर नऊ जणांचं आणि ९५ टक्के असेल तर एकोणीस जणांचं. माणशी दोन मिनिटं धरली तर ८ मिनिटं, १८ मिनिटं आणि ३८ मिनिटं. खिडकीमागचा माणूस थोडासाच जास्त राबला आणि प्रतीक्षा पावणेपाच पट झाली. १०० टक्क्यांना काय होतं? रांग अनंत होते. कर्मचाऱ्याचा एकही क्षण रिकामा जाता कामा नये असं बैठकीत बजावणारा अधिकारी गणिताच्या भाषेत न संपणाऱ्या रांगेचीच मागणी करत असतो, आणि मुंबईत अशा मागण्या फार लवकर मंजूर होतात. त्यात एर्लांगची माणसं निदान दिवसभर पसरून येत होती. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभाग सकाळचा. चार तासांत जेवढ्या चिठ्ठ्या डॉक्टरांच्या हातून सुटतात तेवढ्या सगळ्या एकाच जिन्याने उतरून एकाच खिडकीवर येतात. तिला रांग तरी कशी म्हणावी, ती सहा वाजून दहा मिनिटांची विरार फास्टच.

आता यावर उपाय दोनच. खिडक्या वाढवायच्या किंवा खिडकीवर येणाऱ्यांच्या फेऱ्या कमी करायच्या. पहिल्या उपायावर सगळ्यांचं एकमत आहे, म्हणूनच तो होत नाही. खिडकी म्हणजे पद, पद म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे भरती आणि भरती म्हणजे न्यायालय. दुसऱ्या उपायाबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो फुकट आहे आणि फुकटच्या योजनेचं भूमिपूजन करता येत नाही. समजा, एखाद्या रुग्णालयाच्या यादीत रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे मिळून १,००० रुग्ण आहेत. दर वेळी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर वर्षाला ३६,५०० फेऱ्या होतात, पंधरा दिवसांच्या दिल्या तर सुमारे २४,०००, महिन्याच्या दिल्या तर १२,००० आणि तीन महिन्यांच्या दिल्या तर ४,०००. खिडकी वर्षात ३०० दिवस उघडी असते असं धरलं तर या हजार जणांपैकी रोज १२१ जण तरी रांगेत असतील, नाहीतर १३. गोळ्या तेवढ्याच, माणसं तीच, खिडकी तीच, औषधनिर्माताही तोच आणि त्याचा चहाही तेवढाच. ही १,००० ची संख्या सोयीसाठी घेतली आहे. खरी किती असेल याचा अंदाज महापालिकेकडे आहे. तिने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांत ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांना वाढलेली साखर आढळली. तीन माणसांमागे एकाला पासची गरज आहे हे स्वतःच मोजायचं आणि खिडकीवर मात्र प्रत्येकाला पहिल्यांदाच आल्यासारखं वागवायचं, याला नियोजन म्हणतात.

यात कुणाचा फायदा, असा प्रश्न येईल. ठरवून कुणी फायदा घेतो असं म्हणण्याची गरज नाही, तोटा कुणाच्या वहीत लिहिला जातो एवढं पाहिलं तरी पुरे. गोळीची किंमत रुग्णालयाच्या खर्चात दिसते. औषधनिर्मात्याचा पगार दिसतो, ट्यूबलाइटचं बिल दिसतं. कांदिवलीच्या शताब्दीत, घाटकोपरच्या राजावाडीत किंवा जुहूच्या कूपरमध्ये औषधासाठी आलेल्या घरकाम करणाऱ्या बाईचे तीन तास मात्र कुठल्याही रकान्यात बसत नाहीत. तिने दोन घरची कामं बुडवली, रिक्षावाल्याने सकाळचं भाडं सोडलं, नाक्यावरच्या मजुराने खाडा केला. हा खर्च खराच आहे, फक्त तो भरणारा आणि हिशेब लिहिणारा वेगवेगळे आहेत. औषध ‘मोफत’ असतं ते एवढ्यापुरतं. किंमत रुपयांत लावली असती तर आंदोलन झालं असतं, तासांत लावली की तिला गर्दी म्हणतात. आणि साठा अपुरा असेल तेव्हा ही तासांची किंमत फार सोयीची पडते, कारण दर वेळी काही माणसं कंटाळून निघून जातात. गेलेला माणूस गोळी मागत नाही आणि साठा टिकतो. ज्याला परवडतं तो समोरच्या मेडिकलमध्ये जातो. ज्याला परवडत नाही तो गोळीच सोडतो आणि काही वर्षांनी, अर्धांगवायू होऊन, त्याच इमारतीत दुसऱ्या दाराने येतो. तिथे त्याला रांग लागत नाही, स्ट्रेचर मिळतो. हा खर्चही औषधाच्या रकान्यात येत नाही.

साठ्याचं दुखणं खोटं नाही, ते मान्यच करायला हवं. २०२४ च्या सुरुवातीला महापालिकेच्या रुग्णालयांसाठी ‘शून्य चिठ्ठी’ धोरण जाहीर झालं. म्हणजे डॉक्टरांनी ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी द्यायचीच नाही, सगळं आतच मिळेल. नाव ऐकून आनंद झाला. मग जानेवारी २०२५ मध्ये औषध पुरवठादारांनी १०० कोटींहून अधिक थकबाकी असल्याचं सांगत पुरवठा थांबवण्याचा पवित्रा घेतला. रुग्णालयाच्या खिडकीवर रुग्ण उभा आणि पालिकेच्या लेखा विभागाच्या खिडकीवर पुरवठादार उभा, असं हे दोन मजली चित्र होतं. वरच्या मजल्यावरची रांग हलली नाही की खालची हलत नाही, एवढं साधं नळकाम आहे. पण यावरून लगेच आक्षेप येतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे: पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायची मारामार, तिथे तीन महिन्यांच्या कुठून आणणार? उत्तर असं की माणूस वर्षाला ३६५ गोळ्याच खातो. त्या चार वेळा दिल्या काय आणि चोवीस वेळा दिल्या काय, खरेदी तेवढीच. पद्धत बदलताना सुरुवातीला एकदा साठा जास्त लागेल, हे खरं, आणि तो सगळ्यांना एकाच दिवशी न देता टप्प्याटप्प्याने देता येईल. उलट पास निघाला की पुढच्या तिमाहीत किती गोळ्या लागणार हे आधीच कळतं. आज मागणीचा अंदाज रांगेकडे पाहून करायचा, म्हणजे उकळी आल्यावर दूध मोजायचं.

दुसरा आक्षेप असा की तीन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या तर लोक त्या विकतील, हरवतील, वाया घालवतील. अ‍ॅम्लोडिपिनचा, म्हणजे रक्तदाबाच्या साध्या गोळीचा, काळाबाजार! नाक्यावर उभं राहून कुणाच्या कानात ‘पाहिजे का, पाच मिलीग्रॅम?’ असं कुजबुजणारा इसम अजून पोलिसांच्याही कल्पनेत आलेला नाही. ज्या औषधांचा गैरवापर होतो त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहेच. शेड्यूल एचवन १ मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यातल्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. झोपेच्या गोळ्यांना लावायचं कुलूप रक्तदाबाच्या गोळ्यांना लावण्याचं कारण नाही. तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो जास्त प्रामाणिक आहे. रुग्ण वारंवार आला तर तपासणी होते, डोस बदलता येतो, तीन महिने दिसलाच नाही तर काय? ज्याचा रक्तदाब अजून आटोक्यात नाही त्याला लवकर बोलवावंच. पास त्याच्यासाठी नाही, जसा एकदाच अलिबागला जाणाऱ्यासाठी नसतो. पण ज्याचा आकडा स्थिर आहे तो पंधरा दिवसांनी येतो तेव्हा बहुतेक वेळा जुन्या केस पेपरवर ‘तेच चालू’ असं लिहून घेण्यापुरताच येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात भारतात डॉक्टर रुग्णाला जेमतेम दोन-अडीच मिनिटं देतात असं दिसलं होतं. फेऱ्या कमी झाल्या तर तीच मिनिटं थोड्या माणसांत वाटली जातील. आणि वारंवार येण्याने रक्तदाब कळतो म्हणावं, तर तीन तास उभं राहून मोजलेला रक्तदाब हा त्या माणसाचा की रांगेचा, हे आधी ठरवावं लागेल.

ही काही हवेतली कल्पना नाही. कोविडच्या काळात एचआयव्हीच्या रुग्णांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि आकाश कोसळलं नाही. साताऱ्यात आणि सिंधुदुर्गात ज्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवातीच्या टप्प्यात अंमलबजावणी झाली, त्याचा आग्रहच असा की एका भेटीत निदान ३० दिवसांच्या गोळ्या द्याव्यात. म्हणजे सिंधुदुर्गातल्या रुग्णासाठी जो किमान हिशेब धरला, तो मुलुंडमधल्या रुग्णाच्या नशिबी साठा असेल तरच. तमिळनाडू याहून पुढे गेलं. तिथे १९९४ पासून औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ आहे, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं आणि गोदामातून काय उचललं ते त्यात चढतं. ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच जातात. ‘लोकांना शोधत येणारं औषध’ असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे लोक औषध शोधत फिरतात, एवढाच शब्दक्रमाचा फरक.

‘एवढा त्रास होतो तर समोरच्या मेडिकलमध्ये जा ना’ हा आक्षेप म्हणावा की सल्ला, कळत नाही, पण तो खिडकीच्या दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. मेडिकल चपळ असतं यात शंका नाही. चिठ्ठीचा फोटो पाठवा, पोरगा सायकलवरून घरी येतो. गोष्ट एवढीच की या चपळाईचा काही भाग नियम उडी मारून ओलांडल्याने मिळालेला आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच देऊ शकतो आणि चिठ्ठीवरचं औषध त्याच्या देखरेखीखालीच गेलं पाहिजे. अनेक दुकानांत फार्मासिस्ट असतो तो भिंतीवर, प्रमाणपत्राच्या चौकटीत. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी त्याला चौकटीतून खाली उतरून काउंटरवर उभं राहायला सांगितलं, तेव्हा दुकानदार खवळले आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी राज्यभर तीन दिवसांचा बंद पुकारला. कायदा पाळण्याच्या सक्तीविरुद्ध शटर ओढणारा हा बंद अभ्यासण्यासारखा आहे. त्यानंतर आल्या ऑनलाइन कंपन्या. त्यांच्याविरुद्ध औषधविक्रेत्यांनी ऑक्टोबर २०१५, मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८ असे तीन देशव्यापी बंद केले. ऑगस्ट २०१८ मध्ये निघालेला ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहिला. म्हणजे एका खिडकीवर नियम आहेत आणि वेग नाही, दुसरीकडे वेग आहे आणि नियम भिंतीवर टांगलेले आहेत. निवड करायची ती रुग्णाने, पैसे खिशात असतील तर.

तेव्हा पासचा विषय निघालाच तर एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याकडे बैठकीत कुणाचं लक्ष जाणार नाही. रुग्णालयात प्रत्येक डॉक्टरच्या पथकाचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्याच्या ठरलेल्या वारी असतो. गोळ्यांची पट्टी मात्र बहुधा दहाची. आठवडा सातचा, पट्टी दहाची, आणि या दोघांचं लग्न कुठल्याच पंचांगात जुळत नाही. सोमवारी गोळ्या घेतल्या, मंगळवारपासून खायला सुरुवात केली, तर दहावी गोळी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संपते. त्याआधीच्या सोमवारी आलात तर खिडकी सांगते, ‘अजून तीन शिल्लक आहेत, संपल्यावर या.’ शुक्रवारी आलात तर केस पेपर पाहून सांगते, ‘तुमच्या डॉक्टरांची ओपीडी सोमवारी.’ दोन्ही वाक्यं नियमाला धरून आहेत आणि बोलणाऱ्याचा आवाजही चढलेला नसतो. मधल्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी रक्तदाबाने कुठे थांबायचं, याची पाटी मात्र अजून लागलेली नाही.